ताटाचा प्रवेश

यवतमाळ,
१२ जानेवारी २०२४

प्रिय विशाखा,

अक्षर ओळखलंस का? नसशील ओळखलं तर लगेच खाली सहीकडे पळू नकोस, आधी जरा डोकं खाजव. तुझा पत्ता मिळवताना मारेगावात किती जणांच्या विनवण्या कराव्या लागल्या म्हणून सांगू! शेवटी एक जण म्हणाला, "मुनेश्वर मॅडम न? रिटायर झाल्या त्या. पन अजून पोरं त्याईले पाहून रस्ता बदलतेत." म्हटलं, हीच ती.

नमनाला घडाभर तेल नको. आपल्या 'चिमूटभर मोहिनी'ला यंदा चाळीस वर्षं झाली. आपले दिग्दर्शक भगवानराव गेल्या वर्षी गेले, ते तुझ्या कानावर आलं असेल. त्यांच्या नावानं मंडळाच्या नव्या पोरांनी मार्चअखेर एक संध्याकाळ ठेवली आहे, आणि जुन्या संचानं एक तरी प्रवेश करावा म्हणून माझ्या मानगुटीवर बसलीत. कोणता प्रवेश, ते तुला सांगायला नको. ताटाचा.

परवा संहिता काढून वाचली आणि एकटाच हसत बसलो. सून दारातून दोनदा डोकावून गेली, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. कळंबला देवळाच्या वाटेवरची तुझी खानावळ. मी बदली होऊन आलेला शिष्ट कारकून, घरच्या डब्याखेरीज पाण्याचा घोटही न घेणारा. तू आजीच्या डबीतली मोहिनी चिमूटभर माझ्या ताटात टाकतेस, मी बोटं चाटून जेवतो आणि तुझ्या प्रेमात असा पडतो की हापिसात फायलींवर तुझं नाव लिहितो. शेवटी डबी उघडते, तर आत नुसती जवसाची चटणी! मग माझं ते वाक्य, "म्हणजे मी आपल्या मनानंच जेवलो की हो!" नेरच्या प्रयोगाला या वाक्यावर एकानं टोपी उडवली ती दुसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडावर सापडली, आठवतं?

आणि ते ताट! तू फडकं उचललंस की हिंगाचा जो घमघमाट सुटायचा, तो अजून माझ्या नाकात आहे. तसा झुणका पुन्हा मिळाला नाही.

ये. आढेवेढे घेऊ नकोस. फोन नंबर कळव म्हणजे तालमीचं ठरवू.

तुझा,
यज्ञेश्वर


मारेगाव,
२१ जानेवारी २०२४

यज्ञेश्वरजी,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरच ओळखलं. 'र'ला शेपूट काढायची तुमची खोड गेलेली नाही. माझ्या वर्गात असता तर दोन पानं गिरवून घेतली असती.

फोन नको. कानात यंत्र आहे आणि फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं. मुलीला फोन करते तेव्हासुद्धा मी बोलते आणि ती ऐकते. तिचं मला अर्धंमुर्धं कळतं. आपलं पत्रच बरं.

मी येणार आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ही नाही म्हणतेय.

तुम्हाला ते नाटक आठवलं की हसू येतं. मला दुसरंच काही येतं. माझे बाबा, मारोती, जिनिंगमध्ये हमाल होते. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. मला नायिकेचं काम मिळालं म्हणून मी उड्या मारत घरी गेले, तर त्यांनी विचारलं, "त्या नाटकात तो पोरगा जेवते न तुह्या हातचं? खरं जेवते का?" मी म्हटलं, भगवानराव म्हणतात, जेवण खरंच पाहिजे, डबा मीच करून नेणार. बाबा म्हणाले, "पोरी, थे टाळ्या वाजवतीन. जेवनार नाहीत."

मला इतका राग आला! पहिल्या प्रयोगानंतर मी त्यांना म्हटलं, "जेवला तो. साऱ्या गावासमोर माह्या हातचं जेवला. तुमाले मानूस दिसतच नाही, फक्त जात दिसते." आपल्या बापाला मी हे बोलले. ते प्रयोगाला कधी आले नाहीत. मी घर सोडून वसतिगृहात राहायला गेले आणि पुढे आमचं बोलणंच राहिलं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात आपला वणीला प्रयोग होता, त्याच आठवड्यात ते गेले. मी परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तरीही मी मनात म्हणत आले की बाबा चुकले, मी बरोबर होते. एवढं एक माझ्याजवळ होतं.

माझे यजमान राजदीप आता नाहीत. एकुलती एक रुपाली नेरला दिली आहे. दिली कसली, मंदारला तिनंच पसंत केलं. मोठं घर, लग्नाला कोणी आडवं आलं नाही. पण दोन वर्षं झाली, तिला स्वयंपाकघरात हात लावू देत नाहीत. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. "तू दमली असशील, राहू दे," एवढंच. पोर हिरमुसली वाटली की मी तिला तुमच्या ताटाची गोष्ट सांगते. म्हणते, धीर धर, माणूस बदलतो. घरच्या डब्याशिवाय न जेवणाऱ्या घरातला मुलगा मी माझी भाकरी मोडताना पाहिला आहे. तो काही मोहिनी घातली म्हणून जेवला नाही, आपल्या मनानं जेवला. खरं सांगायचं तर त्या एका ताटाच्या भरवशावर मी माझी पोर तिथे ठेवली आहे.

बरं, एक दुरुस्ती. आमच्या घरात हिंग कधी आलाच नाही. आईची फोडणी लसणाची, माझीही लसणाची. तुमचं नाक म्हातारं झालं, दुसरं काय! कुणाच्या ताटाचा वास माझ्या ताटाला चिकटवलात, सांगा बरं खरं खरं?

आपली,
विशाखा


यवतमाळ,
३० जानेवारी २०२४

प्रिय विशाखा,

तू येणार हे वाचून मी वाड्याला, म्हणजे आमच्या फ्लॅटला, तोरण बांधायचंच बाकी ठेवलं. पण माझ्या नाकाला नावं ठेवू नकोस हं! नाक अजून शाबूत आहे.

अगं वेडे, हिंग असणारच. ताट आईचं होतं! तुला खरंच ठाऊक नव्हतं? मी समजत होतो, आपल्या सामानवाल्या पूनमसिंगनं कधीतरी सांगितलं असेल. त्याच्या तोंडात कुठे तीळ भिजायचा! आईनं मला नाटकाची परवानगी दिली ती याच अटीवर. आमच्या रत्नप्रभाबाईंचं सोवळं तू ऐकून होतीसच. भगवानरावांना नायक तर हवा होता, मग त्यांनीच साप मरेल आणि काठीही मोडणार नाही असा तोडगा काढला. तुझा डबा दुपारी पूनमसिंगकडे यायचा, आईचा माझ्या पिशवीतून. विंगेत ताट लागायचं ते आईच्या डब्यातलं. वर फडकं टाकून पूनमसिंग ते तुझ्या हातात द्यायचा.

यातली गंमत सांगतो. तुझ्या भाकरी जाड असायच्या, त्यामुळे ताट वेगळं दिसू नये म्हणून आई मुद्दाम जाड थापायला शिकली! पुढे पुढे मलाही फरक ओळखू यायचा नाही. आणि तुझं अन्न वाया गेलं असं मुळीच समजू नकोस. मांडव घालणारी पोरं त्यावर तुटून पडत. पूनमसिंग बोटं चाटत म्हणायचा, "बाई के हाथ में सच्ची का जादू है."

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. जुनी माणसं हट्टी असतात, इकडची काय नि तिकडची काय. तो काळच तसा होता. रुपालीचंही होईल हळूहळू. तुझं ऐकून धीर धरते आहे ना, मग झालं तर.

आणि हे बघ, या खेपेला ताट तुझ्याच हातचं. आता आई नाही, मला अडवणारं कोण आहे? फक्त लसूण बेतानं घाल, हल्ली पित्ताचा त्रास होतो.

तुझा,
यज्ञेश्वर


यवतमाळ,
२४ फेब्रुवारी २०२४

प्रिय विशाखा,

महिना होत आला, तुझं काही उत्तर नाही. पोस्टानं घोळ घातला की काय? तब्येत बरी आहे ना?

सून म्हणते, तुम्ही बाईमाणसाला लसूण कमी घाल म्हणून लिहिलंत, राग आला असेल. तसं असेल तर मी शब्द मागे घेतो. ती थट्टा होती. हवा तेवढा लसूण घाल, मी आधी गोळी घेऊन बसेन.

येण्याजाण्याची गाडी मंडळ करणार आहे, त्याचा विचार करू नकोस. प्राची म्हणून एक चुणचुणीत मुलगी आहे, तिला तुझी वाक्यं पाठ करायला दिली आहेत. केवळ खबरदारी म्हणून. तुझी जागा तुझीच.

दोन ओळी तरी टाक.

यज्ञेश्वर


मारेगाव,
४ मार्च २०२४

यज्ञेश्वरजी,

पत्र वेळेवर पोचलं होतं. पोस्टानं काही घोळ घातला नाही.

लसणाचा राग नाही. तुम्हाला तेवढंच सुचलं, याचं मात्र नवल वाटलं.

प्रयोगाच्या दिवशी मी पहाटे उठून बेसन चाळायची. वसतिगृहाच्या मावशी स्टोव्ह देत नसत, त्यांचं पाणी भरून दिलं की मिळे. भाकरीला जरा डाग पडला तर ती मी खायची आणि दुसरी करायची. तुम्ही पहिला घास उचललात की माझं पुढचं वाक्य असे, आणि मला ते दर वेळी उशिरा सुचे. भगवानराव म्हणत, वा, काय थांबलीस! मी थांबत नव्हते हो. मला रडू येत होतं. तुमचा घास तुमच्या आधी मी गिळत होते. समोर पिवळा झुणका, वर दिव्यांचा उजेड, नाकात रंग आणि पावडर. मला कुठून हिंग कळणार?

तुमच्या आई माझ्यासारखी जाड भाकरी थापायला शिकल्या, हे वाचून मी हसले. घरात एकटी होते, मोठ्यानं हसले. माझ्या भाकरीची नक्कल चालत होती, भाकरी चालत नव्हती. लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या? तर डबीत मोहिनी नव्हती म्हणून. डबीत मोहिनी नव्हती आणि ताटात मी नव्हते. तुम्ही तुमच्या आईच्या हातचं जेवत होतात, आणि म्हणत होतात, मी आपल्या मनानंच जेवलो.

तुम्ही वाईट माणूस नाही, ते मला माहीत आहे. तेच तर सोसत नाही. वाईट असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्ही मला ही गंमत म्हणून सांगितलीत.

काळ तसा होता, म्हणता. नेरला तो काळ अजून तसाच बसला आहे, फक्त "दमली असशील" असं गोड बोलतो.

बाबा बरोबर होते. हे मी कोणाला सांगू? त्यांना मी तुमच्या एका घासासाठी सोडलं, आणि तो घास माझा नव्हताच. मी जिंकले असं समजत होते तेव्हासुद्धा हरलेलीच होते आणि ते मला सोडून पूनमसिंगपासून मांडववाल्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

माझं जाऊ द्या. माझं आता काय व्हायचं राहिलं आहे! रुपालीला काय सांगू? सांगितलं तर ज्याच्या आधारावर ती तिथे उभी आहे तेच काढून घेते. नाही सांगितलं तर इतके दिवस न कळता फसवत होते, आता जाणूनबुजून फसवीन. तुमचं पत्र आल्यापासून मी तिला फोन केलेला नाही. तिचे येतात, मी यंत्र काढून ठेवते. काही म्हणता काही सुचत नाही.

विशाखा


यवतमाळ,
११ मार्च २०२४

प्रिय विशाखा,

पत्र वाचलं. तुला इतकं लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझ्या मनात कधी भेदभाव नव्हता, हे तू जाणतेस. आईपुढे माझं चाललं नाही, इतकंच.

पण यातून मार्ग आहे, आणि तो मला सापडला आहे. रुपालीला काही सांगू नकोस. पोरीचा बसलेला संसार जुन्या गोष्टीपायी कशाला उसवायचा? मी येतो. प्रयोगाआधीच मारेगावला येतो, तुझ्या दारात मांडी घालून बसतो आणि चार शेजाऱ्यांसमोर तुझ्या हातचं पोटभर जेवतो. हवं तर प्रयोगातही सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून तुझ्या डब्यातला घास घेतो. मग तू लेकीला जी गोष्ट सांगतेस ती खरीच होईल! चाळीस वर्षं उशिरा का होईना, आपल्या नाटकाचा शेवट गोड होईल. भगवानरावांच्या आत्म्यालाही बरं वाटेल.

तू फक्त हो म्हण. पुढचं माझ्याकडे लागलं.

तुझा,
यज्ञेश्वर


मारेगाव,
२२ मार्च २०२४

यज्ञेश्वरजी,

येऊ नका.

तुम्ही मनापासून लिहिलंत, ते कळलं. पण आता तुम्ही जेवाल ते शेजारी पाहतील म्हणून, मी पाहीन म्हणून. मला तेव्हाचं हवं होतं, कोणी पाहत नसताना विंगेत लागलेलं. ते आता तुम्हीही देऊ शकत नाही. प्रवेश प्राचीलाच करू द्या. ताटात काय असणार आहे, ते मात्र तिला आधी सांगा.

रुपालीला मी सांगितलं. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी नेरला गेले. गाडी यवतमाळलाच बदलली, पण तुमच्याकडे यावंसं वाटलं नाही.

विहीणबाईंनी अगत्य केलं. चहा स्वतः केला, स्वतः आणून दिला. रुपाली स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती, तिच्याच घरात पाहुणी आल्यासारखी. तिला पाचवा महिना लागला आहे. मला ते तिनं फोनवर सांगितलं होतं म्हणे, दोनदा. मला ऐकू आलं नव्हतं. मी तेव्हाही ताटाचंच सांगत असेन.

स्टँडवर सोडायला ती एकटी आली. वाटेत मी सगळं सांगून टाकलं. हिंग, जाड भाकरी, मांडववाली पोरं. ती कोसळेल म्हणून तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. पण ती शांतच होती.

"आई, मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हंजे असं कोनी सांगितलं नाही. पन त्या काळात कोनी जेवलं असंन, हे मले कधी पटलंच नाही. इथं आल्यावर तं बिलकुलच नाही."

"मंग तू राह्यली काहून इथं? मी धीर धर म्हने म्हून न?"

"तू फोनवर त्या ताटाचं सांगे, तवा तुह्या आवाजात लय खुशी राहे. मी निघून आली असती, तं तुले समजलंच असतं का कोनी जेवत नसते. आजोबा बरोबर होते, हे तुले समजलं असतं. मले तुह्यापासून थे घ्यायचं नोहतं. म्हून राह्यली."

मला वाटत होतं की मी तिला आधार देते आहे. दोन वर्षं माझी पोर त्या घरात माझ्यासाठी बसून राहिली.

मी म्हटलं, आत्ताच चल, जशी आहेस तशी गाडीत बस. ती नाही म्हणाली. "आता कुठं येऊ, आई? मंदार वाईट नाही. बाहेर गेलो का माह्या ताटातलं खाते तो. घरात त्याचं काही चालत नाही." तिनं ते तुमच्याच शब्दांत सांगितलं.

गाडी लागली तशी ती धावत टपरीवर गेली आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आली. खिडकीतून माझ्या हातात दिला. म्हणाली, "आई, घरून काही करून देता आलं नाही."

विशाखा